‘द डचेस’ कसा बघायचा (झोप न लागता)

पिरियड ड्रामा म्हटलं की आमच्या घरात दोन पार्ट्या पडतात, एक कपडे बघणारी आणि दुसरी पंधराव्या मिनिटाला घोरणारी. ‘द डचेस’ (२००८, केइरा नाइटली आणि रेफ फाइन्स) मी तीनदा बघितलाय. पहिल्यांदा एकटीने, गाऊनसाठी. दुसऱ्यांदा नवऱ्याबरोबर, तो घोरणाऱ्या पार्टीतला. तिसऱ्यांदा आईबरोबर, आणि खरा कळला तो तेव्हाच, कारण आईने तो लव्हस्टोरी म्हणून बघितलाच नाही, तिने तो सरळ लग्नाची बैठक म्हणून बघितला. तर तसा कसा बघायचा ते सांगते. स्पॉयलर भरपूर आहेत, पण पिक्चर ज्या खऱ्या बाईवर आहे ती जाऊन दोनशेच्या वर वर्षं झालीत, तेव्हा रागावू नका.

सुरू करायच्या आधी चार माणसं डोक्यात पक्की करा, नाहीतर अर्धा वेळ "हा कोण" विचारण्यात जातो. जॉर्जियाना, माहेरची स्पेन्सर (हो, त्याच स्पेन्सर, प्रिन्सेस डायना याच घराण्यातली). तिचा नवरा विल्यम कॅव्हेंडिश, म्हणजे पाचवा ड्यूक ऑफ डेव्हनशर (ड्यूक म्हणजे मोठा सरदार, त्याची बायको ती डचेस), ज्याचं मोठं घर डेव्हनशरला नाहीच, डर्बीशरला आहे, चॅट्सवर्थ, हे लॉजिक मला आजवर समजलेलं नाही. तिची मैत्रीण बेस फॉस्टर. आणि चार्ल्स ग्रे, तरुण, राजकारणात उतरलेला, पुढे जॉर्जियानाचा प्रियकर. बाकी सगळे विग घातलेले पुरुष एकमेकांत मिसळले तरी बिघडत नाही. सबटायटल लावाच, ड्यूक ओठ न हलवता बोलतो.

आता पहिला सीन. बाहेर बागेत पोरं-पोरी हसतायत, शर्यत लावतायत, आणि आत तिची आई ड्यूकबरोबर लग्न ठरवतेय. सगळे बागेकडे बघतात. आमच्या आईने पॉज करायला लावलं आणि म्हणाली, "थांब, याद्या आत चालल्यात." खरंच, पुढचा सगळा पिक्चर त्या खोलीत लिहिला गेलाय. मुलीकडून काय हवंय, तर मुलगा, वारस. तिच्या बाजूला काय, तर पदवी, घर, हातखर्ची. १७७४ साली, बरोबर तिच्या सतराव्या वाढदिवसाला, ७ जूनला, तिचं लग्न लागलं, तो पंचवीसचा. ज्याला ती जेमतेम दोनदा भेटलीय त्याच्याशी. आपल्याकडे कांदेपोहे कार्यक्रम झालेल्या कुणालाही हे वेगळं समजवायला नको.

त्यामुळे बघताना एकच प्रश्न हातात धरून ठेवा: पोरं कुणाची? प्रेम कुणाचं कुणावर हा प्रश्न बाजूला ठेवा, तो वेळ खातो. त्या काळच्या इंग्लिश कायद्यात लग्नानंतर बाईचं वेगळं कायदेशीर अस्तित्वच उरत नव्हतं, तिचा पैसा त्याचा (माहेरच्यांनी आधीच काही बांधून ठेवलं असेल तेवढंच वेगळं), आणि मुलं बापाची, बाप कसाही असो. आईला लहान मुलांचा ताबा मागता येण्याचा पहिला कायदा आला १८३९ ला. पूर्ण घटस्फोट हवा तर पार्लमेंटमधून खास कायदा पास करून घ्यावा लागायचा, हे १८५७ पर्यंत. म्हणजे "मग सोडून का नाही जात ती?" असं कुणी सोफ्यावरून विचारलं तर त्याला हे ऐकवा. जाईल, पण एकटी जाईल. ड्यूक पूर्ण पिक्चरभर आवाज चढवतो तो अगदी मोजक्या वेळा, त्याला गरजच नाही. मुलं हे त्याचं कुलूप आणि चावी त्याच्याच खिशात.

बेसकडेही याच नजरेने बघा. पहिल्यांदा बघताना मी तिला मनातल्या मनात सटवी वगैरे म्हणून मोकळी झाले होते, मैत्रिणीच्या घरात राहून मैत्रिणीचाच नवरा, म्हणजे काय! पण तिचे मुलगे तिच्या नवऱ्याने ठेवून घेतलेत आणि ते परत मिळवायचे तर ड्यूकसारख्याचं वजन लागतं, असं पिक्चर सांगतो. मग ते तिघं एका टेबलावर जेवायला बसतात तो सीन परत बघा. आई एवढंच म्हणाली, "सवत पण नाही गं, दोघी एकाच सासरी अडकल्यात." खऱ्या आयुष्यात त्या दोघींची मैत्री शेवटपर्यंत टिकली, जॉर्जियाना १८०६ ला गेली आणि १८०९ ला बेस पुढची डचेस झाली. हे वाचून गोड वाटावं का कडू, ते तुमचं तुम्ही ठरवा.

दोन सीनची आधीच सूचना देते. लग्नाच्या रात्री तो तिच्या कपड्यांना कात्री लावतो, कपडे किती किचकट म्हणून कुरकुरत, आणि ती लहान मुलीसारखी उभी. दुसरा सीन जबरदस्तीचा आहे, दाराआडून आवाज येतात आणि नोकरमाणसं ऐकत उभी. सोबत मुलगी किंवा आई असेल तर आधी सांगून ठेवा, आमची आई त्या वेळी "दूध बघते" म्हणून उठली, गॅसवर दूध नव्हतं. कायद्याने तेव्हा हा गुन्हाच नव्हता. इंग्लंडच्या कोर्टाने नवऱ्यावर बायकोच्या बलात्काराचा गुन्हा होऊ शकतो हे स्पष्ट मान्य केलं ते १९९१ ला. आणि हाच इंग्लिश कायदा बोटीत बसून आपल्याकडेपण आला बरं, मुंबईत रखमाबाईंना १८८७ ला कोर्टाने सांगितलं की नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग, आणि त्या म्हणाल्या तुरुंग चालेल. जॉर्जियानाच्या लग्नानंतर शंभराहून जास्त वर्षांनी!

राजकारणाचे सीन घाईने उरकलेत, फास्ट फॉरवर्ड करू नका पण डोकंही लावू नका. एवढं कळलं तरी पुरे की ती व्हिग या तेव्हाच्या ब्रिटिश पक्षाची स्टार प्रचारक होती, १७८४ च्या निवडणुकीत त्या पक्षाचा नेता चार्ल्स जेम्स फॉक्स याच्यासाठी वेस्टमिन्स्टरच्या रस्त्यांवर उतरली, आणि मताच्या बदल्यात मुका देते म्हणून व्यंगचित्रकारांनी तिची पार धिंड काढली. आता यातली आपली गंमत पिक्चरमध्ये नाहीये. ती निवडणूक लागली कशावरून, तर फॉक्सच्या इंडिया बिलावरून, ईस्ट इंडिया कंपनीला वेसण घालायचं बिल, जे राजाने लॉर्ड्सच्या सभागृहात पाडायला लावलं. आपल्याकडे पहिलं इंग्रज-मराठा युद्ध संपवणाऱ्या सालबाईच्या तहाला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. म्हणजे ही बाई लंडनमध्ये मतं मागतेय त्याची तार शेवटी आपल्याच अंगणापर्यंत येते.

इतिहास म्हणून बघत असाल तर सांभाळून. तिची पहिली मुलगी लग्नानंतर तब्बल नऊ वर्षांनी झाली, मुलगा १७९० मध्ये, म्हणजे सोळा वर्षं तिने "अजून मुलगा नाही?" ऐकलं, आणि पिक्चर हे सगळं पळवत नेतो. दुसरं म्हणजे जुगार. खरी जॉर्जियाना पत्त्यांवर भयंकर उधळायची, कर्ज नवऱ्यापासून लपवायची, ओळखीपाळखीच्या सगळ्यांकडून उसने घ्यायची. ते दाखवलंय पण चवीपुरतं. मला वाटतं हिरोईन फार वाया गेलेली दिसू नये म्हणून, पण त्याने ती थोडी गुळगुळीत झालीय.

कपडे दुसऱ्या खेपेला बघा. मायकल ओ’कॉनरला त्यासाठी ऑस्कर मिळालंय आणि ते उगाच नाही. एक सीन मात्र पहिल्याच खेपेला नीट बघा, पार्टीत ती झिंगलीय आणि तिचा तो भलामोठा विग मेणबत्त्यांमुळे पेटतो. सगळे किंचाळतायत आणि ड्यूक, जसं कुणी पंखा बंद करायला सांगतं तशा आवाजात, नोकरांना तो विझवायला सांगतो. आम्ही दोघी हसलो आणि मग एकदम गप्प झालो.

शेवटचा अर्धा तास मोबाईल लांब ठेवा. ग्रेपासून झालेली मुलगी ती गाडीतून उतरून ग्रेच्या घरच्यांच्या हातात देते, फार बोलणं नाही, नुसतं मोकळं रान आणि ते गुंडाळलेलं बाळ. खरी मुलगी १७९२ ला फ्रान्समध्ये जन्मली, एलायझा कोर्टनी, ग्रेच्या आईवडिलांनी वाढवली. ग्रे पुढे १८३० मध्ये पंतप्रधान झाला. अर्ल ग्रे चहा माहितीये ना, तो याच्याच नावाचा. हे मी मोठ्या उत्साहाने आईला सांगितलं तर ती रिकामे कप उचलत म्हणाली, "चहाला नाव दिलं, पोरीला नाही दिलं."

आणि तो चहा आणलात तर आपल्यासारखा दुधात उकळू नका, साबणासारखा लागतो.