प्रॉग रॉकचा अल्बम कुणाला कसा सुचवावा

प्रॉग म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, लांबलचक आणि गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक संगीत. "प्रॉगमध्ये काय ऐकू?" असं कुणी विचारलं की आपल्यातल्या बहुतेकांचा हात मोबाइलकडे जातो आणि समोरच्याला वीस अल्बमची यादी रवाना होते. त्या यादीतलं तो बहुधा काहीच ऐकत नाही. ऐकलंच तर पहिलं नाव लावतो, सहाव्या मिनिटाला कंटाळतो आणि पुढे भेटला की "ऐकतोय गं हळूहळू" म्हणून विषय बदलतो. म्हणून यादी पाठवू नका. एकच अल्बम सुचवा, त्यातलं आधी कुठलं गाणं लावायचं ते सांगा आणि ते गाणं कुठे अंगावर येईल, कुठे रेंगाळेल याचीही कल्पना देऊन ठेवा.

त्याच्याही आधी एक प्रश्न विचारा. "तुला कुठला बँड आवडतो?" हा प्रश्न कामाचा नाही, त्याला सगळे सारखीच चार नावं सांगतात. विचारायचं असं: तू जे गाणं परत परत लावतोस, त्यात कशाची वाट बघत असतोस? कुणी गिटारच्या सोलोची वाट बघतं, कुणी आवाज वर चढतो त्या जागेची, कुणी ड्रम्सची. हे एकदा कळलं की निम्मं काम झालं.

आपल्याकडे सर्वांत जास्त भेटतात ती पिंक फ्लॉइडवाली मंडळी. माझ्या नणंदेचे यजमान त्यातलेच. "मला बाई लांबलचक गाणी सहन होत नाहीत," असं म्हणतात आणि दर शनिवारी 'विश यू वेअर हिअर' लावून बसतात. १९७५ च्या त्या अल्बमच्या सुरुवातीला 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'मध्ये पहिला शब्द ऐकू यायला साडेआठ मिनिटं लागतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. अशा माणसाला लांबीची भीती घालू नका, तो ती परीक्षा केव्हाच पास झालाय. त्याला आधी फ्लॉइडचाच 'मेडल' (१९७१) द्या आणि त्यातलं शेवटचं 'एकोज' लावायला सांगा. तेवीस मिनिटांच्या वर आहे. मधोमध भुतं किंचाळल्यासारखे आवाज येतात तिथे माणसं हमखास बंद करतात, म्हणून आधीच सांगायचं की हा फ्लॉइडच्या गिटारवाल्याचा, डेव्हिड गिलमोरचा, वा-वा पेडल आहे (गिटारचा आवाज पायानं बदलायचं यंत्र), उलटा जोडलेला, आणि थोडा धीर धर, गाणं परत येतं. कारण कळलं की कान टिकून राहतो.

तिथून पुढे फ्लॉइडवाल्याला थेट किंग क्रिमसन या बँडकडे नेऊ नये. त्याला कॅमल हा बँड द्यावा. त्यातल्या अँड्र्यू लॅटिमरची गिटार गिलमोर आवडणाऱ्याला परकी वाटत नाही. 'मिराज' (१९७४) मधलं 'लेडी फँटसी' आधी, आणि ते लागलं तर 'द स्नो गूज' (१९७५). या दुसऱ्या अल्बममध्ये गाण्याचे बोलच नाहीत, सगळं वाद्यांवर. इंग्रजी शब्द कळत नाहीत म्हणून बिचकणाऱ्या माझ्या मावशीला मी हाच दिला होता. तिला बासरीच्या जागा फार आवडल्या. आणि हो, फ्लॉइड मुळात प्रॉग आहे की नाही हा वाद नवख्या माणसासमोर काढू नका. आपापसात खुशाल घाला, चहा संपेपर्यंत.

दुसरा गट म्हणजे मेटल ऐकणारी मुलं. यांना प्रॉगचा १९६९ पासूनचा इतिहास शिकवायला बसलात तर ती पळून जातील. त्यांना उलट्या दिशेनं न्यायचं. माझा भाचा ओपेथ या मेटल बँडचा भक्त. त्याला मी एवढंच विचारलं, त्यांचा 'ब्लॅकवॉटर पार्क' (२००१) प्रोड्यूस कुणी केला? स्टीव्हन विल्सननं. मग विल्सनचा स्वतःचा बँड पॉर्क्युपाइन ट्री, त्यांचा 'इन ॲब्सेन्शिया' (२००२). त्या अल्बमपासून ड्रम्सवर गॅव्हिन हॅरिसन आला, तो पुढे २००८ मध्ये किंग क्रिमसनमध्ये गेला. आणि किंग क्रिमसनच्या जुन्या अल्बमचे नवे रीमिक्स केले कुणी, तर पुन्हा विल्सननंच. या वाटेनं पोरगं आपल्या पायांनी चालत 'रेड' (१९७४) पर्यंत पोचलं आणि "हे तर मेटलच आहे" म्हणाला. मी काही बोलले नाही. पॉर्क्युपाइन ट्री २००९ मध्ये आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगो महोत्सवात वाजवून गेलेत हे मात्र त्याला सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आता माझ्या आवडीचा गट, म्हणजे ज्यांनी लहानपणी तबला, पेटी किंवा गाणं शिकलंय ते. मीही त्यातलीच, विशारदच्या आधी सोडलेली. यांच्याशी बोलणं सर्वांत सोपं आणि तरी आपण यांना सर्वांत उशिरा विचारतो. अर्धा-पाऊण तास विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला अठरा मिनिटांच्या गाण्याचा धाक काय दाखवायचा? त्यांना मोजायला द्या. पिंक फ्लॉइडचं 'मनी' सात मात्रांत आहे. रूपक आला की मनी आला असं मात्र सांगू नका, कारण वजन वेगळीकडे पडतं आणि तबलजी लगेच भांडायला उठतो. सात मोजत जा म्हणावं, सॅक्सोफोनचा सोलोही सातातच जातो, पण गिटार सुरू झाली की सगळे चारात येतात. ती जागा ज्यानं न सांगता पकडली तो आपल्यात आलाच समजा.

मग 'रेड'चाच शेवटचा ट्रॅक, 'स्टारलेस'. बारा मिनिटांचा. पहिली चार-साडेचार मिनिटं मेलोट्रॉन (टेपवरचे आवाज वाजवणारा जुना कीबोर्ड) आणि जॉन वेटनचा आवाज, अगदी उदास आणि गोड. नंतर बास तेरा मात्रांचं आवर्तन धरतो आणि रॉबर्ट फ्रिप गिटारवर एकच स्वर टोचत बसतो. तोच तो स्वर. मध्येच एक पायरी वर, पुन्हा तोच. ड्रम्सवर बिल ब्रूफर्ड भोवती काहीबाही ठोकत राहतो आणि ताण चढत जातो. नवख्याला इथे वाटतं की रेकॉर्ड अडकली. त्याला म्हणावं, तेरा मोज आणि सोडू नकोस. अगदी शेवटी सुरुवातीची धून परत येते, तेव्हा तुला ती कशी लागते ते मला सांग. मी हा ट्रॅक आमच्या तबल्याच्या सरांना ऐकवला होता. त्यांनी डोळे मिटून मांडीवर आवर्तनं मोजली आणि "मध्ये जरा जास्त पाणी घातलंय" असा शेरा मारला. मला पटला नाही, पण ऐकावा तर असा.

या गटाला पुढे क्रिमसनचाच 'डिसिप्लिन' (१९८१) द्यायला हरकत नाही. तिथे फ्रिप आणि एड्रियन बेल्यू यांच्या दोन गिटार एकमेकींच्या मात्रा सरकवत राहतात. लयकारीची आवड असणाऱ्याला यात आठवडाभराचं काम मिळतं.

'क्लोज टू द एज' (१९७२) कुणालाही सुचवायचा तर नकाशासह सुचवा. येस या बँडच्या या अल्बमचा पहिला ट्रॅक रेकॉर्डच्या एका बाजूभर, अठरा मिनिटांवर. सुरुवातीला पाणी आणि पक्षी, मग एकदम सगळी वाद्यं अंगावर धावून येतात आणि जवळजवळ तीन मिनिटांपर्यंत तसंच चालतं. नव्वद टक्के लोक इथेच गळतात, असं माझं मत आहे. त्यांना सांगायचं, तीन मिनिटांपर्यंत थांब, तिथे चाल सापडते. आठव्या-नवव्या मिनिटाला सगळं शांत होतं, आवाजांवर आवाज रचले जातात आणि पुढे रिक वेकमनचा चर्चचा मोठा ऑर्गन येतो. तो ऑर्गन खराच आहे, लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमध्ये रेकॉर्ड केलेला. त्या क्षणासाठी पहिली तीन मिनिटं सोसावी लागतात. मला तर आता तीच जास्त आवडतात.

याच बँडचा पुढचा अल्बम, 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' (१९७३), कुणालाही पहिल्यांदा देऊ नये. चार बाजू, चार गाणी, एकूण ऐंशी मिनिटं. पण त्याची गोष्ट जरूर सांगा, ती रंगते. येसचा गायक जॉन अँडरसन याला परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या, शास्त्रांविषयीच्या एका तळटीपेवरून ही कल्पना सुचली, आणि ते पुस्तक त्याच्यापर्यंत पोचलं ब्रूफर्डच्या लग्नात, किंग क्रिमसनच्या जेमी म्यूरमुळे. वेकमनला हा अल्बम मुळीच पटला नाही. मँचेस्टरच्या एका कार्यक्रमात तो स्टेजवर कीबोर्डशी बसून करी खात होता. पुढे तो बँड सोडून गेला. म्हणजे प्रेरणाही भारताची आणि कंटाळा घालवायला जेवणही भारताचंच!

अल्बम सुचवण्यापेक्षा माणूस सुचवणं कधी कधी जास्त उपयोगी पडतं. वरच्या एका लग्नात किती बँड एकत्र आले बघा. ब्रूफर्डचाच माग काढा: येस सोडलं ते यशाच्या ऐन भरात, 'क्लोज टू द एज' रेकॉर्ड झाल्यावर. मग किंग क्रिमसन. १९७६ मध्ये जेनेसिसच्या दौऱ्यावर ड्रम्स, कारण गायक पीटर गेब्रियल गेल्यावर ड्रमर फिल कॉलिन्स पुढे येऊन गात होता. १९७८ मध्ये वेटनबरोबर यूके हा बँड. पुन्हा १९८१ ला क्रिमसन. एका माणसाच्या मागे गेलं की चार बँड ओळखीचे होतात आणि कव्हरवरची नावं वाचायची सवय लागते. तसाच ग्रेग लेक: क्रिमसनच्या पहिल्या अल्बमवर त्याचा आवाज आणि बास, नंतर एमर्सन, लेक अँड पामर. ज्याला जेनेसिस द्यायचाय त्याला 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' (१९७३) द्या, 'फर्थ ऑफ फिफ्थ'मधला स्टीव्ह हॅकेटचा सोलो ऐकवा आणि गेब्रियल चांगला की कॉलिन्स या भांडणात त्याला पहिल्याच दिवशी ओढू नका.

ऐकण्याची सोय कशी करायची हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. मोबाइलच्या ॲपमध्ये क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणारी सोय) बंद करा, नाहीतर एकाला एक जोडलेल्या गाण्यांची खिचडी होते. शफल तर बंदच. फुकटच्या खात्यावर ट्रॅक संपला की मध्येच जाहिरात येते, तेव्हा एका ट्रॅकचा अख्खा अल्बम किंवा निदान एका बाजूचा ट्रॅक असेल असं काही द्या. जेथ्रो टलचा 'थिक ॲज अ ब्रिक' (१९७२) हा एकच तुकडा आहे, साधारण ४४ मिनिटांचा. ठाण्याहून फास्ट लोकल धरली की सीएसएमटी येईपर्यंत बहुतेक सगळा होतो, दादरला उतरणाऱ्यांनी दुसरी बाजू परतीला ठेवावी. कव्हर म्हणून त्यांनी बारा पानांचं खोटं वर्तमानपत्र छापलं होतं, आणि टलच्या इयन अँडरसनच्या म्हणण्यानुसार तो अल्बम म्हणजे कॉन्सेप्ट अल्बमची, एकाच कल्पनेभोवती रचलेल्या अल्बमची, थट्टाच होती. हाच अँडरसन २००८ मध्ये अनुष्का शंकरबरोबर भारतात वाजवायला आला होता, त्यामुळे आपल्याकडे हे नाव काढलं की निदान "तो बासरीवाला ना?" एवढं तरी ऐकू येतं.

शब्द कळले पाहिजेत असा हट्ट असेल तर मुंबईच्या कोशिश या बँडचा 'फिर्दौस' द्या, हिंदीत आहे.

समोरच्यानं ऐकलं की त्याला लगेच "कसा वाटला?" विचारू नका. विचारलंत तर तो "छान" म्हणेल आणि त्यातून काही हाती लागणार नाही. चार दिवसांनी विचारा, कुठल्या जागी थांबवलंस? थांबवलेली जागा कळली की पुढचा अल्बम ठरतो. गाणाऱ्याचा आवाज खटकला असेल तर वाद्यांचा द्या, आवाज फार मोठा झाला असेल तर कॅमल, फारच संथ वाटला असेल तर रशचा 'मूव्हिंग पिक्चर्स' (१९८१), त्यात गाणी आटोपशीर आहेत. "तुला कळलंच नाही" हे वाक्य तोंडातून निघालं की तो माणूस गेला, आणि त्याच्याबरोबर त्याचे मित्रही. आणि त्यानं उलट काही सुचवलं, तर त्यालाही हाच हक्क द्या. दोनदा ऐका, मग बोला. भाच्यानं मला टूलचा 'लॅटरलस' (२००१) दिला तेव्हा पहिल्यांदा मला नुसती धडधड ऐकू आली होती. दुसऱ्यांदा ड्रम्स ऐकले आणि ते मान्य केले. आवाज अजूनही नाही आवडत.

जेंटल जायंट, व्हॅन डर ग्राफ जनरेटर, इटलीचे पीएफएम यांच्यापर्यंत माणूस आला की तो स्वतःच शोधायला लागतो, तेव्हा मागे हटावं. माग्मा हा बँड मात्र मी कुणाला सुचवत नाही. त्या फ्रेंच मंडळींनी गाण्यासाठी भाषाच नवी बनवलीय, आणि आमच्या घरात तो फक्त मी एकटी असताना लागतो.