क्वांटम डॉटचा लेझर खरंच लागला का, हे कसं तपासायचं

जुळे सोलापुरातला माझा एक जुना विद्यार्थी सध्या बाहेर पीएचडी करतोय, परवा रात्री त्यानं आत टाकलेली पॉवर आणि बाहेर पडणारा प्रकाश यांचा ग्राफ पाठवला आणि खाली लिहिलं, "सर, लेझर लागला!" ग्राफमध्ये रेष एका ठिकाणी वाकून वर गेलेली. मी म्हणलं, थांब बाळा, एवढ्या छोट्या कॅव्हिटीत, म्हणजे प्रकाश अडकवून ठेवणाऱ्या जागेत, नुसत्या वाकण्यावर जाऊ नको. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण ही चूक बऱ्याच जणांची होते.

आधी कॅव्हिटी डोळ्यासमोर आणा. सोलापूरच्या शाळेतली पोरं सहलीला विजापूरला जातातच, गोलघुमटाच्या सज्जात भिंतीशी कुजबुजलं की पार पलीकडच्या टोकाला ऐकू येतं. मायक्रोडिस्कमध्ये, म्हणजे चकतीसारख्या कॅव्हिटीत, प्रकाश असाच काठ धरून फिरतो, फक्त घुमट काही मायक्रॉनचा आणि आत प्रकाश देणारे इंडियम आर्सेनाइडचे नॅनोमीटरवाले कण, म्हणजेच क्वांटम डॉट. खांबासारखी कॅव्हिटी, म्हणजे मायक्रोपिलर, असेल तर वर-खाली थराथराचे आरसे.

आता मोजायला बसा. डॉटना ऊर्जा देणाऱ्या लेझरची, म्हणजे पंप लेझरची, पॉवर अगदी कमीपासून सुरू करून हजारपट तरी वाढवा, प्रत्येक पॉवरला स्पेक्ट्रम घ्या, आणि ग्राफ लॉग-लॉग कागदावर, म्हणजे दोन्ही अक्ष दहाच्या पटीत वाढणाऱ्या कागदावर, काढा, साध्या कागदावर नाही. कॅव्हिटीत आपोआप (स्पॉन्टेनियस) सुटणाऱ्या प्रकाशाचा जो वाटा नेमका लेझरच्या मोडमध्ये, म्हणजे ज्या एका ठराविक लहरीत लेझर चालतो तिच्यात, जातो तो बीटा. साध्या लेझर डायोडमध्ये तो लाखात एकाच्या आसपास असतो, म्हणून थ्रेशोल्डला, म्हणजे लेझर लागतो त्या पॉवरला, मोठी उडी दिसते. उडी साधारण एक भागिले बीटा एवढी. म्हणजे बीटा ०.०१ असला तर शंभरपट, आणि बीटा १ च्या जवळ गेला की उडीच राहत नाही, लॉग-लॉगवर सरळ रेष. या विद्यार्थ्याची रेष वाकलेली दिसली ती साध्या कागदामुळं, लॉगवर काढल्यावर फार काही उरलं नाही.

मग स्पेक्ट्रममधल्या पीकची रुंदी बघा. ९३० नॅनोमीटरला क्यू (कॅव्हिटी प्रकाश किती चांगला धरून ठेवते त्याचा आकडा) १०,००० असेल तर रुंदी ०.०९३ नॅनोमीटर, थ्रेशोल्डपाशी ती कमी व्हायला लागली पाहिजे. तुमचा स्पेक्ट्रोमीटर किती बारीक बघू शकतो ते आधी तपासून ठेवा, नाहीतर रुंदी तिथंच अडकते आणि आपण म्हणतो कमीच होत नाही.

शेवटची आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तपासणी म्हणजे फोटॉनांची. बीम अर्धा अर्धा वाटून दोन डिटेक्टरवर टाकायचा आणि दोघं एकदम किती वेळा वाजतात ते मोजायचं, याला जी-टू म्हणतात, पद्धत हॅनबरी ब्राउन आणि ट्विस यांची, १९५६ ची. साध्या, थर्मल प्रकाशाला शून्य वेळेला २ यायला हवा, लेझरला १. पण इथं फसगत होते हो! वरच्या क्यूला थ्रेशोल्डच्या खाली प्रकाशाचा कोहेरन्स, म्हणजे लहरींचा एकसारखा ताल, जेमतेम १० पिकोसेकंद टिकतो आणि सिलिकॉनचा साधा सिंगल फोटॉन डिटेक्टर शेकडो पिकोसेकंद घेतो, त्यामुळं २ पुसला जाऊन १ च दिसतो, आणि माणूस आनंदानं नाचतो. म्हणून एका पॉवरचा आकडा कुणाला दाखवू नका. पॉवर वाढवत जाताना जी-टू आधी १ च्या वर फुगतो, कारण कोहेरन्स लांबतो, आणि मग परत १ वर येतो, तो फुगवटा दिसला की मला पटतं. सुपरकंडक्टिंग डिटेक्टर मिळाला तर काम बरंच सोपं.

एक राहिलं, पॉवर वाढवताना पीक लाल बाजूला सरकत चाललं तर सॅम्पल तापतंय, पंप पल्समध्ये चालवा आणि सगळं पुन्हा मोजा.

पोरानं जी-टूचा सेटअप लावायला घेतलाय, पहिल्या चार पॉवरचे आकडे काल आले, तिसऱ्याला १.०८.