उपचार सुरू असताना गोधडी शिवताय? या चुका टाळा

नागपुरात मी अनेक वर्षांपासून हाताने गोधडी शिवायला शिकवते. मानेवाडा रस्त्यावरचे कर्करोग रुग्णालय असो की जामठ्याचे, विदर्भभरातून माणसे उपचारासाठी या शहरात येतात, आणि केमोथेरपी सुरू असलेल्या काही जणी माझ्या वर्गातही येतात. त्यांनी शिवूच नये, असे म्हणणाऱ्या नातेवाइकांशी मी वाद घालते; पण डोसच्या वेळापत्रकाकडे डोळेझाक करून स्वतःच्या हौसेच्या वेळापत्रकाने शिवणाऱ्यांचाही मला आता कंटाळा आला आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे डोसनंतरच्या उसन्या उत्साहावर विसंबणे. मळमळ आणि ॲलर्जी टाळण्यासाठी केमोथेरपीबरोबर अनेकदा डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड देतात. त्याने एक-दोन रात्री झोप उडते, अंगात बळ आल्यासारखे वाटते, आणि ते औषध थांबले की माणूस एकदम गळून जातो. वर्गातल्या एका बाईंनी लेकीच्या लग्नासाठी डबलबेडची गोधडी हाती घेतली होती. डोस दर 21 दिवसांनी असे. दुसऱ्या रात्री झोप येईना म्हणून त्या पहाटेपर्यंत धावदोरा घालत बसल्या, आणि वेळ वाचवायचा म्हणून थरांना कच्चा टाका घालण्याचे कामही त्यांनी टाळले. उजेडात पाहिले तेव्हा अस्तर सरकलेले आणि मधोमध चुण्यांची रांग. अंगात त्राण नसताना त्यांनी ते सगळे उसवायला घेतले, तेही दाढीच्या ब्लेडने, कारण टाका टाका सोडवण्याइतका धीर नव्हता. ब्लेड तर्जनीत गेले. पुढच्या आठवड्यात रात्री 100.4 फॅरनहाइट ताप भरला, तेव्हा घरच्यांनी ‘तापाची गोळी घे, सकाळी पाहू’ असा सल्ला दिला. तो ताप त्या जखमेमुळेच आला, असे मी म्हणणार नाही. परंतु अनेक औषधांत डोसनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी संख्येने सर्वांत खाली गेलेल्या असतात, आणि त्या काळात एवढा ताप म्हणजे तातडीने रुग्णालय गाठण्याचे कारण असते. गोळीने ताप दबतो, संसर्ग दबत नाही. त्यांना अखेर भरती करावे लागले आणि त्या बऱ्या होऊन परतल्या, पण सकाळची वाट पाहण्याचा तो सल्ला आठवला की मला अजूनही राग येतो.

माझ्या वर्गातला रिवाज त्यामुळे साधा आहे. डोसनंतरच्या जागरणाच्या रात्री सुई उचलायची नाही. फार तर चिंध्यांचे रंग जुळवावेत. पेशी कमी असण्याच्या आठवड्यात कात्री आणि ब्लेड कपाटात ठेवावे, आणि पुढच्या डोसपूर्वीचे बरे दिवस शिवणासाठी राखावेत. डबलबेडचा विचार तर सोडूनच द्यावा. बारा इंचांचे चौकोन तिन्ही थरांसह एकेक करून पूर्ण करावेत आणि ते मागाहून जोडावेत. मांडीवर ओझे येत नाही, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेलेला असताना अख्खी गोधडी अंगावर घेऊन बसावे लागत नाही.

दुसरी चूक बोटांच्या मुंग्या लपवण्याची आहे. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन यांसारख्या औषधांनी हातापायांच्या नसांवर परिणाम होतो, आणि शिवणाऱ्या बाईला तो बहुधा इतरांआधी कळतो: सुईत दोरा ओवता येत नाही, सुई हातातून कधी निसटली ते समजत नाही, टोचले तरी पत्ता लागत नाही. ‘शिवायला बंदी घालतील’ या भीतीने हे डॉक्टरांना न सांगणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि याहून मोठा वेडेपणा मला ठाऊक नाही. वेळीच सांगितले तर डोस कमी करता येतो किंवा बदलता येतो. लपवले तर बधिरपणा उपचारांनंतरही बराच काळ टिकू शकतो. तोवर जाड, मोठ्या नेढ्याची सुई घ्यावी आणि अंगुस्तान (बोटावर चढवायची टोपी) घालावेच. ‘मला त्याची सवय नाही’ हे उत्तर मी ऐकून घेत नाही. ऑक्सॅलिप्लॅटिन सुरू असेल तर डोसनंतरचे काही दिवस गार वस्तूचा स्पर्शही झोंबतो, म्हणून डिसेंबरच्या सकाळी पोलादी कात्री थेट उचलू नये. तिच्या मुठीला कापडाची पट्टी गुंडाळावी.

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील लसिकाग्रंथी (गाठी) काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हाताला सुई टोचणार नाही याची विशेष काळजी घ्यावी, कारण त्या हातावर सूज आणि संसर्ग लवकर येतो. हात जड वाटला की त्या दिवसाचे शिवण संपले.

जुन्या गादीतला कापूस स्वतः पिंजू नये. ती धूळ आपल्यासाठी नाही. ट्रंकेतले जुने लुगडे कढत पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून मगच हाती घ्यावे, आणि हे काम घरातल्या दुसऱ्या कोणावर तरी सोपवावे. गांधीबागेतून आणलेले नवे लाल कापड मिठाच्या पाण्यात बुडवले की रंग पक्का होतो, यावर माझा विश्वास नाही. पाण्याला रंग सुटेनासा होईपर्यंत ते वेगळे धुवावे.

सलाईन सुरू असताना शिवायचेच असेल, तर आधी परिचारिकेला विचारावे आणि दोरा हातभरच घ्यावा. लांब दोरा ओढताना कोपर मागे जाते आणि नळीला हिसका बसतो. तिथे टाचण्या तर नेऊच नयेत. पलंगाच्या चादरीत हरवलेली टाचणी पुढच्या रुग्णाला सापडते.