नाताळचा दोदोल दोघांनी मिळून कसा आटवावा

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या ताटात नेवऱ्या, कुलकुलं, दोस, बेबिंका असं बरंच काही असतं. यातलं बहुतेक वेळ काढला तर एकट्यानं निभतं. दोदोल, म्हणजे तांदळाचं पीठ, माडाचा गूळ आणि नारळाचं दूध आटवून केलेली काळी मऊ वडी, निभत नाही. दीड-दोन तास हात थांबवायचा नाही, आणि शेवटी मिश्रण इतकं जड होतं की कढईचे कान कुणी धरले नाहीत तर ती शेगडीवरच फिरायला लागते. नवरा-बायकोनं दरवर्षी मिळून करायचं काही हवं असेल, तर झाडाला दिवे लावण्यापेक्षा हे धरा.

दिवस 20 किंवा 21 डिसेंबरचा ठेवा. 24 तारखेला करायला घेऊ नका. त्या दिवशी मिडनाइट मासची, म्हणजे चर्चमधल्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेची, गडबड असते आणि दोदोल घट्ट व्हायला पूर्ण रात्र लागते.

साहित्य: तांदळाचं बारीक पीठ 250 ग्रॅम, माडाचा काळा गूळ 750 ग्रॅम, मोठे जून नारळ 4, काजू 100 ग्रॅम, अर्धा चमचा मीठ. संपलं. वेलची हवी तर घाला, पण तूप, मैदा, कॉर्नफ्लोअर, मिल्कमेड यांतलं काहीही नको. उसाच्या गुळाचा दोदोल होतो, पण तो गोड खळीसारखा लागतो. तो काळा रंग आणि धुरकट चव माडाच्या गुळाचीच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगावात तो सहज मिळतो. मुंबई-पुण्यात गोव्याचं सामान ठेवणाऱ्या दुकानात आधी सांगून ठेवावा लागतो.

नारळ खवून, वाटून पहिलं दाट दूध पिळून वेगळं ठेवा. त्याच चोथ्यात कोमट पाणी घालून पुन्हा वाटा आणि सव्वा लिटरभर पातळ दूध काढा. डब्यातलं दूध वापरू नका. ते फुटू नये म्हणून त्यात घट्ट करणारे पदार्थ घातलेले असतात, आणि आपल्याला तर शेवटी त्यातून तेल सुटायला हवं असतं.

गूळ कपभर पाण्यात वितळवून कापडातून गाळा. माडाच्या गुळात वाळू आणि काड्या निघतातच. हे टाळलंत तर दाताखाली कचकच येणार. गाळल्यावर चाखून बघा. माडाचा रस आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. चुना कमी पडला तर रस आंबतो आणि गूळ आंबूस होतो. असा गूळ दूध फाडतो. जरा आंबट वाटला तर दोन चिमूट खाण्याचा सोडा घाला आणि पाक पूर्ण गार होऊ द्या.

पीठ गार पातळ दुधात कालवा, त्यात गूळ आणि मीठ घाला, पुन्हा गाळा आणि मगच जाड बुडाच्या कढईत ओता. गरम दुधात पीठ टाकलंत की झाल्याच गुठळ्या. त्या नंतर मोडत नाहीत. मध्यम आचेवर ठेवा. वीसेक मिनिटांत मिश्रण दाटतं, मग दाट दूध थोडं थोडं करून घाला.

खरं काम इथून पुढे.

आच मंद करा आणि ती वाढवायचा मोह आवरा. लाकडी उलथणं सपाट टोकाचं घ्या. गोल पळी बुडाला पुरती टेकत नाही आणि तिथेच गूळ धरतो. बुड खरवडत, कडेनं फिरवून मध्ये आणा. दर दहा मिनिटांनी हात बदला, दमल्यावर नाही. बदलताना पहिल्यानं उलथणं फिरवत राहायचं, दुसऱ्यानं वरून धरायचं, आणि मगच पहिल्यानं सोडायचं. उलथणं कढईत टेकवून ‘घे आता’ म्हणालात, तर तेवढ्यात बुडाला धरतं. रिकाम्या माणसानं कान धरायचे, जाड फडक्यानं. दोघांनीही पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. दाटलेलं मिश्रण फुटून उडतं आणि गुळाचा चटका कातडीला चिकटून बसतो.

करपल्याचा वास आला तर खाली अजिबात खरवडू नका. वरचं मिश्रण दुसऱ्या भांड्यात घ्या, करपलेलं तिथेच राहू द्या आणि पुढे चालू ठेवा.

सगळ्यात जास्त दोदोल बिघडतात ते लवकर उतरवल्यानं. साधारण तासाभरानं मिश्रण कडा सोडतं, चकाकतं, झाल्यासारखं दिसतं. झालेलं नसतं. ‘कडा सुटल्या की उतरवा’ हा सल्ला अर्धवट आहे, आणि नॉनस्टिकमध्ये तर साफ फसवा, कारण तिथे कडा केव्हाच सुटतात. खूण तेलाची: कडेला नारळाचं तेल दिसू लागलं पाहिजे आणि गोळा उलथण्याबरोबर एकसंध फिरला पाहिजे. मग थेंबभर मिश्रण स्टीलच्या ताटलीवर टाकून गार करा आणि बोटानं दाबा. चिकटलं तर अजून दहा मिनिटं. दबून परत उचललं आणि बोट तेलकट पण स्वच्छ निघालं, की उतरवा. कच्चा उतरवला तर सुरीला चिकटतो आणि तीन-चार दिवसांत बुरशी धरतो. तेल सुटूनही ढवळत राहिलात तर उलट होतं: गार झाल्यावर चिवट, चावून जबडा दुखावा असा.

काजूचे तुकडे तेल दिसू लागलं की घाला, आधी घातले तर मऊ पडतात. तेलाचा हात फिरवलेल्या ताटात थापा, वरचं जादा तेल निथळू द्या, रात्रभर उघड्यावर पण जाळीखाली ठेवा.

दुसऱ्या दिवशी तेल लावलेल्या सुरीनं वड्या पाडा. शेजारी पाठवायच्या ताटात, म्हणजे कोंसुआदात, दोदोल नेवऱ्यांना चिकटून ठेवू नका; त्याच्या तेलानं नेवऱ्या नरम पडतात. मध्ये केळीच्या पानाची पट्टी ठेवा. ज्या घरी त्या वर्षी दुःख झालं असेल तिथे गोडधोड केलेलं नसतं, तिथलं ताट आधी पोचवा. चतुर्थीला ज्यांच्या घरच्या नेवऱ्या खाल्ल्या, त्यांचंही विसरू नका.

बाहेर दोदोल आठवडाभर टिकतो, फ्रीजमध्ये महिनाभर. फ्रीजमधून काढल्यावर मात्र अर्धा तास थांबा; नारळाचं तेल गोठलेलं असतं आणि वडी दगडासारखी लागते.