कीड नाही म्हणून निवांत राहू नका! डाऊन सिंड्रोमच्या लेकरांच्या दातांबाबत या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक आमच्याच घरात झाली, म्हणून तिथूनच सुरू करते. माझा मुलगा आता 12 वर्षांचा आहे, डाऊन सिंड्रोम आहे (म्हणजे जन्मतःच एक गुणसूत्र जास्त), आम्ही अमळनेरचे. तो लहान असताना एका शिबिरात दात तपासले तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले वा, एकपण कीड नाही, आणि आम्ही इतके खुश झालो की पुढं तीन वर्षं दातांच्या डॉक्टरकडं फिरकलोच नाही. मग एक दिवस उशीच्या खोळीवर रक्ताचा डाग दिसला, ब्रश करताना तर रोजच थोडं यायचं पण त्याकडं कोण बघतंय, आणि खालचा पुढचा दात, पक्का आलेला दात बरं का, बोटानं हलतोय!

तेव्हा कळलं की या मुलांमध्ये कीड बऱ्याचदा इतर मुलांपेक्षा कमीच असते. दात उशिरा येतात आणि दातांमध्ये फटी असतात, त्यामुळं. खरा धोका हिरड्यांना असतो. हिरडीच्या आत हाड झिजवणारे जंतू असतात, त्यातल्या एकाचं नाव पॉर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस (मला हे म्हणायला दोन दिवस लागले), ते साधारण मोठ्या माणसांच्या तोंडात सापडतात, पण आपल्या मुलांच्या तोंडात फार लहान वयातच मुक्काम ठोकतात. त्यात जंतूंकडं धावत जाणाऱ्या पांढऱ्या पेशी यांच्यात जरा सुस्त असतात, आणि दुसरीकडं सूज वाढवणाऱ्या इंटरफेरॉनचे (शरीरातला एक निरोप्याच म्हणा) काही रिसेप्टर, म्हणजे तो निरोप पकडणारे भाग, बनवणारे जीन्स 21 व्या गुणसूत्रावरच आहेत, ते गुणसूत्र यांच्याकडं एक जास्त. म्हणजे जंतू मरत नाहीत आणि सूज मात्र भरपूर, त्यात मरतं ते दाताखालचं हाड. म्हणून डॉक्टरांना नुसतं 'कीड आहे का' विचारू नका, 'हिरड्या कशा आहेत, हाड किती झिजलंय' हे विचारा. इतर मुलांना सहा महिन्यांनी बोलावतात, आम्हाला दर तीन महिन्यांनी बोलावलंय.

रक्त आलं की ब्रश थांबवायचा, ही दुसरी चूक, आणि ही आयांचीच जास्त. जीव कळवळतो हो, मी पण थांबवलं होतं. पण रक्त येतं तेच मुळी तिथं पिवळा थर साचलाय म्हणून, थांबवलं की थर वाढतो, त्याचं किटण होतं, आणि किटण ब्रशनं निघत नाही. मऊ ब्रश घ्या, हिरडी आणि दाताच्या सांध्यावर तिरपा धरा, हळू फिरवा. साफसफाई झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं तसं केलं तर दीड-दोन आठवड्यांत रक्त कमी व्हायला लागलं. आणि क्लिनिंग केलं की दात ढिले होतात असं शेजारच्या वहिनी म्हणतील, ऐकू नका. दात आधीच ढिले झालेले असतात, किटणानं नुसते धरून ठेवलेले असतात.

'आता मोठा झाला, त्याचं तो करेल' हे पण नको. या मुलांच्या हाताची पकड ढिली असते, मागच्या दाढांपर्यंत ब्रश पोचतच नाही, तो बिचारा पुढचे चार दात चमकवून 'झालं' म्हणतो. त्याला करू द्या, कौतुक करा, मग तुम्ही परत करा. मी खाली बसते, तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवा होतो, तोंड वरून नीट दिसतं, ओठ बोटानं उचलता येतो. ब्रशच्या दांडीला जाड रबराची मूठ बसवली की त्याला स्वतःला धरायला पण सोपं जातं. पेस्ट फ्लोराइडवाली, साधारण 1000 पीपीएम, तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढं मटारएवढी. काळं-लाल मंजन बोटानं घासायची सवय आपल्याकडं घराघरात आहे, त्यातली काही मंजनं खरखरीत असतात आणि आज्जीच्या मशेरीत तर तंबाखू असते, मुलाच्या तोंडाजवळ आणायची पण नाही.

आता दुधाच्या दातांचं. सासूबाई म्हणायच्या "त्या दूधना दात शेतस, पडी जातीन ना!" पण या मुलांना पहिला दात यायलाच 12-14 महिने लागतात, कधी 2 वर्षं, सगळे दुधाचे दात यायला 4-5 वर्षं, आणि पक्के पण उशिरा. काही पक्के दात तर येतच नाहीत, जन्मतः नसतात. म्हणजे दुधाचे दात जास्त दिवस काम करणार. उशीर झाला म्हणून कॅल्शियमच्या बाटल्या पाजत बसू नका, त्यानं दात लवकर येत नाही. साधारण 6-7 वर्षांच्या आसपास डॉक्टरांना विचारून पूर्ण तोंडाचा एक्स-रे काढा, म्हणजे खाली कोण आहे कोण नाही ते समजतं.

खाण्याचं सांगायचं तर आपलं खान्देश म्हणजे केळ्याचंच राज्य, रावेर-यावलकडची केळी, शिकरण, केळं कुस्करून... मुलाला आवडतं, चावायला मऊ. पण जीभ आणि गालांची ताकद कमी असल्यानं घास गालात आणि हिरडीत तसाच साचून राहतो, अर्ध्या तासानं बोट घातलं तर केळं सापडतं! खाऊन झालं की पाणी प्यायला लावा, गालात एकदा बघा. खोकल्याचं गोड औषध झोपताना दिलं तरी नंतर दात पुसून घ्या. चूळ भरता येत नसेल तर माउथवॉश देऊ नका, गिळेल. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिन जेल (जंतू मारणारं) दिलं तर पेस्टनंतर लगेच लावू नका, अर्धा तास जाऊ द्या. त्या जेलनं दात पिवळट-तपकिरी होतात, घाबरू नका, क्लिनिंगनं निघतं.

रात्री करकर दात खातो म्हणून जंताचं औषध? आम्ही दोनदा दिलं. दात खाणं या मुलांत नेहमीचं असतं, जंताशी संबंध नाही. उलट तोंड उघडं ठेवून घोरत असेल तर अॅडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) वाढलंय का किंवा झोपेत श्वास अडकतोय का ते कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांना दाखवा, तोंड कोरडं पडलं की लाळेचं धुणं बंद आणि जंतूंची चंगळ.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे दातांच्या डॉक्टरपासून हृदय लपवू नका. या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो. इको (हृदयाची सोनोग्राफी) रिपोर्ट सोबत न्या. सगळ्यांनाच दात काढण्याआधी अँटिबायोटिक लागत नाही, पण कृत्रिम झडप, न सुधारलेला निळसरपणा देणारा दोष, आधी झालेला हृदयाच्या आतल्या आवरणाचा संसर्ग अशा काहींना लागतो, ते हृदयाचे डॉक्टर ठरवतील, मेडिकलवाला नाही. मानेचं पण सांगा, काहींच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, खुर्चीत मान जोरात मागं वळवायची नाही.

पैशाचं टेन्शन असेल तर आरबीएसके, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते, डाऊन सिंड्रोम आणि दात दोन्ही त्यात येतात, अंगणवाडीत किंवा शाळेत विचारा. धुळ्यात डेंटल कॉलेज आहे, तिथं लहान मुलांचा वेगळा विभाग विचारा. पहिल्या भेटीत काहीच करून घेऊ नका, नुसतं खुर्चीत बसवा, आरसा हातात द्या, घरी या. आमच्या पोराला चौथ्या भेटीत कुठं तोंड उघडावंसं वाटलं, पण आता तिथं गेला की खुर्चीत स्वतःच चढून बसतो आणि डॉक्टरांनाच म्हणतो, "आ कर."