ठसका लागत नाही म्हणून निर्धास्त राहू नका: गिळण्याच्या त्रासात या चुका टाळा

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या माणसाला घरचे सगळ्यात आधी काय देतात? पाण्याचा घोट. पाणीच तर आहे, त्याने काय होणार, असं वाटतं. पण गिळायला त्रास होणाऱ्याला बऱ्याचदा पाणीच सर्वांत अवघड जातं. घशात अन्नाची आणि श्वासाची वाट एकच असते. गिळताना जेमतेम एका सेकंदात स्वरयंत्र वर आणि पुढे उचललं जातं, स्वरतंतू मिटतात, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. यातलं काहीही किंचित उशिरा झालं, तर घास एक वेळ थांबेल, पाणी थांबत नाही. म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही द्यायचं नाही, गोळीसुद्धा नाही.

त्याहून मोठी चूक म्हणजे ठसक्यावर विसंबणं. घशाची संवेदना बोथट झालेली असेल, तर अन्न श्वासनलिकेत उतरतं आणि माणूस खोकतही नाही. अशा वेळी दुसऱ्या खुणा बघाव्या लागतात: जेवल्यावर आवाज ओलसर, घोगरा होणं, पुन्हापुन्हा ताप येणं, छातीत कफ साचणं, जेवण लांबत जाणं, वजन उतरणं. घशामागे स्पर्श केल्यावर ओकारीची उबळ येते, म्हणजे गिळणं सुरक्षित आहे, असा निष्कर्षही काढू नये. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. खरं काय चाललंय ते दोनच तपासण्यांत नीट दिसतं: बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारा पदार्थ) मिसळलेलं अन्न गिळताना काढलेला एक्स-रेचा व्हिडिओ, किंवा नाकातून बारीक कॅमेरा घालून केलेली पाहणी.

आडवं पडून भरवणं आणि मान मागे टाकून घोट ओतणं, दोन्ही टाळा. सरळ बसवा, जेवणानंतरही अर्धा तास बसू द्या. हनुवटी छातीकडे झुकवून गिळण्याची युक्ती अनेकांना उपयोगी पडते, पण सगळ्यांना नाही. गिळण्याच्या त्रासावर उपचार करणाऱ्या थेरपिस्टने (स्पीच थेरपिस्ट) बघितल्याशिवाय शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ती करू नये.

पाणी घशातून हळू उतरावं म्हणून ते दाट करण्याची पावडर अंदाजाने घालणं हाही नेहमीचा घोळ. दाटपणा मोजायची साधी रीत आहे: ठरावीक मापाच्या सिरिंजमध्ये १० मिली द्रव भरायचा, १० सेकंद वाहू द्यायचा आणि किती उरला ते बघायचं. १ ते ४ मिली उरला तर किंचित दाट, ४ ते ८ उरला तर थोडा दाट. किती दाट हवं ते थेरपिस्ट ठरवतात. आणि दाट पाणी माणूस कमी पितो, त्यामुळे शरीरात पाणी कमी पडतंय का, याकडे लक्ष ठेवा.

अन्न देण्यासाठी नाकातून पोटात नळी घातली की न्यूमोनियाची (फुप्फुसातल्या संसर्गाची) भीती संपली, असंही नाही. लाळ आणि पोटातून वर आलेला द्रव श्वासनलिकेत उतरतच राहू शकतो, आणि त्याच्यासोबत तोंडातले जंतूही. त्यामुळे तोंडाने काही न खाणाऱ्याचेही दात आणि जीभ रोज घासायला हव्यात. माझ्या मते हे काम सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे.

गोळी गिळता येत नाही म्हणून सरसकट कुटू नका. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या, तर दिवसभराचा डोस एकदम शरीरात जातो.

आणखी एक. आधी घट्ट घास अडकू लागले, मग मऊ अन्न, मग पाणीही, आणि वजनही उतरतंय, तर अडचण घशात नसून खाली अन्ननलिकेत असू शकते, जरी रुग्ण घशाकडेच बोट दाखवत असला तरी. तिथे गिळण्याच्या व्यायामात महिने घालवू नका. लगेच डॉक्टरांना दाखवून एंडोस्कोपी (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून अन्ननलिकेची तपासणी) करून घ्या.