मोटर बंदच होत नाही? स्विचला शिव्या घालण्याआधी या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात रात्री अकरा वाजता आमच्या विहिरीतली मोटर घरघरत होती. घरातले सगळे नळ बंद. सकाळी नवा प्रेशर स्विच (पाइपातल्या दाबाप्रमाणे मोटर चालू-बंद करणारा) आणून बसवला. पैसे गेले आणि मोटर चालूच!

हीच पहिली चूक. आधी स्विचशेजारच्या दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा बघायचा. तो कट-आउटच्या, म्हणजे ज्या दाबाला स्विचने मोटर बंद करायची त्याच्या, पुढे जाऊनही मोटर चालू असेल, तर दोष स्विचचा: आतले पॉइंट चिकटलेत, नाहीतर दाब पोचवणारी बारीक नळी गाळाने बुजलीय. पान्याने ठोकून पॉइंट सुटतात खरे, पण चार दिवसांनी पुन्हा चिकटतात.

आमचा काटा मात्र 2 बारवरच (बार हे दाबाचं माप) अडकला होता. मग घराकडे जाणारा व्हॉल्व्ह मिनिटभर बंद केला. मोटर थांबली असती तर गळती घरात धरायची. फ्लशची टाकी आणि बागेतला नळ हे नेहमीचे संशयित. ती थांबली नाही. विहिरीत डोकावलं, तर पाइप कुठेच फुटलेला नव्हता. पाणी मात्र तळाला गेलं होतं.

दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण 1 बार दाब. आमचा पंप फार तर 30 मीटर उचलतो. पावसाळ्यात पाणी 4 मीटर खोलीवर असतं, म्हणजे वर 2.6 बार मिळतो आणि 2.4 वर लावलेला स्विच वेळेवर तोडतो. मे महिन्यात पाणी 10 मीटरवर गेलं की वर उरतात जेमतेम 2 बार. 2.4 येणार कुठून?

अशा वेळी 'प्रेशर कमी येतंय' म्हणून स्विचचा मोठा नट आवळणं ही सगळ्यात महागाची चूक. त्याने कट-आउट आणखी वर जातो. मेन स्विच पाडून (झाकणाखाली करंट असतो!) मी नट सैल केला आणि कट-आउट 1.8 वर आणला. कट-इनही (ज्या दाबाला मोटर पुन्हा चालू होते तो) खाली आला, म्हणून प्रेशर टाकी रिकामी करून तिच्यातल्या हवेचा दाब कट-इनहून 0.1-0.2 बार कमी ठेवला.

पाणी आणखी खाली गेलं तर नटाशी खेळू नका, मोटरच बंद ठेवा. सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारी मोटर, भोवतालच्या पाण्यानेच थंड राहते. कोरडी चालली की वाइंडिंग (आतलं तारेचं वेटोळं) जळतं.

जूनमध्ये विहीर भरली की मी नट परत आवळतो.